जुन्या ट्रकचं मूळ इंजिन: बांधायचं की बदलायचं?

आजोबांचा ट्रक वाटणीत आला, किंवा कुठल्याशा कारखान्याच्या यार्डात कित्येक पावसाळे काढलेला ट्रक विकत घेतला, की पहिल्या आठवड्यातच सल्ले सुरू होतात. गॅरेजवाला बॉनेट उघडून आत डोकावतो आणि सांगतो, ‘‘हे काढून टाका साहेब, मॅटॅडोरचं डिझेल बसवू. महिन्याभरात गाडी रस्त्यावर.’’ जुन्या गाड्यांचे शौकीन उलटं सांगतात. मूळ इंजिन गेलं की ट्रक गेला, असं त्यांचं मत. दोन्ही सल्ल्यांत एक गोष्ट सारखी असते: इंजिन कुणीच मोजलेलं नसतं. निर्णय मोजमापानंतर घ्यावा आणि मापं थोडीफार जरी अनुकूल असतील, तरी मूळ इंजिन बांधावं, असं माझं ठाम मत आहे. ते कशाच्या आधारावर, हे सविस्तर सांगतो.

उदाहरणाला शेवरोलेचा ट्रक घेऊ. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्यांच्या जुळणीचा कारखाना सुरू केला आणि १९५४ साली तो बंद केला. त्या काळातले शेवरोले ट्रक आजही आपल्याकडे अधूनमधून सापडतात. त्यांतल्या बहुतेकांत १९३७ ते १९५३ या काळात निघालेलं २१६ घनइंचाचं, म्हणजे साधारण साडेतीन लिटरचं, सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन असायचं. या इंजिनाबद्दल गैरसमज इतके आहेत की चांगली इंजिनं केवळ त्यापायी भंगारात गेली. म्हणून यावरच जास्त बोलतो.

सगळ्यात आधी, ट्रकमध्ये आज असलेलं इंजिन खरंच मूळ आहे का ते पाहा. आपल्याकडे पेट्रोलचा खर्च परवडेना म्हणून अनेक मालकांनी फार पूर्वीच डिझेल इंजिनं बसवून घेतली होती. मद्रासची सिम्पसन कंपनी पर्किन्सची पी-६ इंजिनं बनवायला लागल्यावर हे काम सोपं झालं. तुमच्या ट्रकमध्ये पी-६ असेल, तर ‘मूळ’ कशाला म्हणायचं हा प्रश्नच बदलतो. ट्रकने कमाईची बहुतेक वर्षं त्या डिझेलवर काढली असतील, तर तेही त्याच्या इतिहासाचा भाग आहे. मी तरी ते उपटून पेट्रोल इंजिन शोधत बसणार नाही.

शेवरोलेचं इंजिन असेल तर ब्लॉकवर डिस्ट्रिब्युटरजवळ नंबर ठोकलेला असतो. तो घासून स्वच्छ करा, खडू फिरवून वाचा, फोटो काढा आणि आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहा. ब्लॉकवर ओतकामाची तारीखही उठावात असते: आधी महिन्याचं इंग्रजी अक्षर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा आकडा. ‘ए’ म्हणजे जानेवारी, ‘बी’ म्हणजे फेब्रुवारी. ओतकामाची तारीख ट्रकच्या नोंदणीच्या थोडी आधीची असेल, तर इंजिन मूळ असण्याची शक्यता बरीच आहे. तारीख नोंदणीनंतरची असेल, तर ते नक्कीच मागाहून बसवलेलं आहे.

इंजिन जाम असेल तर घाबरू नका आणि घाईही करू नका. वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या ट्रकमध्ये कार्ब्युरेटरमधून किंवा उघड्या सायलेन्सरमधून पावसाचं पाणी उतरतं आणि एखाद-दुसऱ्या सिलिंडरमध्ये रिंगा गंजून चिकटतात. प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि गिअर ऑइलचं पातळ मिश्रण ओता आणि ते मुरू द्या, आठवडाभर किंवा दोन आठवडेही. मग पुढच्या बाजूने हाताने, पान्याने, मागेपुढे थोडं थोडं हलवून पाहा. ट्रक दुसऱ्या गाडीला बांधून गिअरमध्ये ओढायचा प्रकार कुणी सुचवला तर त्याला स्पष्ट नाही म्हणा. चिकटलेली रिंग त्या झटक्यात तुटते, पिस्टनची कड फुटते, कनेक्टिंग रॉड वाकतो. दुरुस्त होण्याजोगं इंजिन अशा वेळी एका दुपारी कायमचं जातं.

इंजिन फिरतं आणि चालू होतं असं धरू. आता तपासण्या. कॉम्प्रेशन गेज गॅरेजमध्ये असतोच. इंजिन गरम करून, सगळे प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून सहाही सिलिंडर मोजा आणि आकडे लिहून ठेवा. नव्या २१६ मध्ये साधारण ११० पौंडांच्या आसपास दाब मिळायचा. आकडा किती आहे यापेक्षा सहाही आकडे एकमेकांच्या किती जवळ आहेत, हे महत्त्वाचं. सगळीकडे ९० असेल तर इंजिन झिजलेलं पण निरोगी आहे. पाच ठिकाणी १०५ आणि एका ठिकाणी ५० असेल, तर दुखणं एकाच जागी आहे. तिथे प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल घालून परत मोजा. दाब वाढला तर रिंगा किंवा बोअर झिजलेत. तेवढाच राहिला तर व्हॉल्व्ह नीट बसत नाही. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांत दाब पडला असेल तर बहुधा हेड गॅस्केट गेलंय. यांतल्या शेवटच्या दोन कामांसाठी फक्त हेड उतरवावं लागतं, पूर्ण इंजिन बाहेर काढावं लागत नाही. कित्येकांना या एवढ्याशा फरकासाठी इंजिन बदलण्याचा सल्ला मिळतो.

ऑइलच्या दाबाबद्दल मात्र नीट समजून घ्या. २१६ इंजिनं सर्वांत जास्त बदनाम झाली ती इथेच. आजच्या इंजिनात चाळीस-पन्नास पौंड दाब पाहायची सवय झालेल्या मिस्त्रीला या ट्रकचा काटा १५ पौंडांच्या आसपास आणि सुस्त चालीत पार तळाला दिसतो. तो लगेच म्हणतो, बेअरिंग गेले. पण हे इंजिन मुळातच तशा दाबाचं आहे. डॅशबोर्डवरचा मूळ गेजसुद्धा ३० पौंडांपर्यंतचाच असतो. यात ऑइल दाबाने मिळतं ते क्रँकच्या मेन बेअरिंगांना आणि कॅमच्या बेअरिंगांना. कनेक्टिंग रॉडच्या मोठ्या टोकांना तेल देण्याची पद्धत वेगळी आहे. प्रत्येक रॉडच्या टोकाला खाली एक छोटी पळी असते. ती ऑइल पॅनमधल्या पन्हळीतून तेल उचलते आणि वेग वाढला की पॅनमधल्या नळ्यांतून येणारी तेलाची धार थेट त्या पळीवर बसते. नळ्या ठरलेल्या कोनात असाव्या लागतात. ऑइल पॅन खाली दगडावर आपटलेला असेल, ठोकून सरळ केलेला असेल किंवा दुसऱ्या इंजिनाचा असेल, तर धार चुकते आणि तो एक रॉड तेलावाचून राहतो. म्हणून पॅन उतरवला की नळ्यांची दिशा आणि पन्हळींची उंची तपासल्याशिवाय तो परत चढवू देऊ नका.

या रॉडच्या टोकांत आजच्यासारखे बदलता येणारे शेल नसतात. व्हाइट मेटल थेट रॉडमध्ये ओतून, माप घेऊन कापलेलं असतं. टोपी आणि रॉड यांच्यामध्ये पातळ पत्र्याच्या पट्ट्या असतात. बेअरिंग थोडं ढिलं झालं की एक-एक पट्टी काढून ते घट्ट करता येतं. त्यामुळे खालून येणारा हलका ठोका ऐकून इंजिन मोडीत काढू नका. प्लगच्या वायरी एकेक करून काढा. ज्या सिलिंडरची वायर काढल्यावर आवाज थांबतो, त्याच रॉडकडे लक्ष द्या. पट्ट्या काढण्याइतकी जागा उरली नसेल किंवा मेटल तडकून सुटलं असेल, तर रॉड पुन्हा ओतून घ्यावे लागतात. हे काम करणारे कारागीर कमी झालेत, पण संपलेले नाहीत. जहाजांची यंत्रं, साखर कारखान्यांतले मोठे बेअरिंग, जुने कॉम्प्रेसर यांना व्हाइट मेटल आजही लागतं. मुंबईत बंदराच्या आसपासच्या वर्कशॉपांत आणि ऑइल इंजिनांचं काम जुनं असलेल्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात चौकशी करा. कारागिराला आधी विचारा: ओतण्याआधी रॉडला कल्हई करता का, आणि नंतर क्रँकच्या मापाला कसं कापता? उत्तर सविस्तर आणि न अडखळता आलं, तरच काम त्यांच्याकडे द्या.

व्हाइट मेटल कमकुवत असतं, हे म्हणणं अर्धवट आहे. हे इंजिन ताशी ६०-७० किलोमीटरने दिवसभर चालवा, काही होत नाही. दीड टनी ट्रकचा मागचा अ‍ॅक्सल ६.१७ प्रमाणाचा असतो, म्हणजे चाक एकदा फिरेपर्यंत इंजिनाकडून येणारा शाफ्ट सहा वेळांपेक्षा जास्त फिरतो. तो ट्रक द्रुतगती मार्गावर ९० ने पळवायचा हट्ट धरला, तर बेअरिंग पेटणारच. मोठं इंजिन टाकूनही अडचण संपत नाही. ब्रेक, स्टिअरिंग आणि पाटे जुन्याच वेगासाठी बनवलेले आहेत.

आता इंजिन उघडल्यावर काय पाहायचं. ब्लॉक, क्रँक आणि हेड, या तीन गोष्टींवर निर्णय ठरतो. बाकी सगळं बदलता येतं. सिलिंडरच्या वरच्या भागात, जिथे रिंगांचा प्रवास संपतो, तिथे सर्वांत जास्त झीज होते. वर आणि खाली माप घेऊन फरक दहा थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास किंवा जास्त निघाला, तर बोअर करून ओव्हरसाइज पिस्टन टाकावे लागतील. आधीच ६० थाऊ बोअर झालेला असेल तर पुढे स्लीव्ह. स्लीव्ह टाकणं म्हणजे इंजिनाची अखेर, असं समजू नका. नीट बसवलेली स्लीव्ह मूळ भिंतीइतकीच टिकते. क्रँक दहा, वीस, तीस थाऊ अशा पायऱ्यांनी ग्राइंड करता येतो. पण त्याला तडा असेल तर तो गेला. तडा डोळ्यांना दिसत नाही, चुंबकीय तपासणीत दिसतो. ती तपासणी करून घ्या. तिचे पैसे वाचवणं सर्वांत महाग पडतं.

ब्लॉकला पाण्याच्या जॅकेटच्या बाहेरच्या भिंतीला तडा असेल, तर पिना घालून तो शिवता येतो. उत्तम कास्ट वेल्डिंग करणारा असेल तर वेल्डिंगही चालतं. मात्र मेन बेअरिंगच्या आधाराच्या भिंतीला तडा गेला असेल, किंवा रॉड बाहेर येऊन ब्लॉकची कूस फुटली असेल, तर पैसे घालू नका. आपल्याकडे बर्फाने ब्लॉक फुटत नाहीत. आपल्याकडे ब्लॉक मरतात ते पाण्याने. विहिरीचं, नदीचं, जे हाताला लागेल ते पाणी रेडिएटरमध्ये घालत आल्यामुळे आतल्या वाटा गंज आणि क्षारांनी बुजतात, मागचे दोन सिलिंडर तापतात, हेडला व्हॉल्व्हच्या मध्ये तडे जातात. हेडला तडा असेल तर दुसरं हेड शोधा. हेड मिळतात.

हेड खाली आलंच आहे, तर पेट्रोलचा विचार करून घ्या. आपल्याकडे शिसं असलेलं पेट्रोल २००० साली बंद झालं. मंद चालणाऱ्या या इंजिनाला त्याचा फारसा त्रास होत नाही. त्यामुळे व्हॉल्व्हच्या सीट ठीक असतील तर त्या उगाच कापून कडक सीट बसवू नका. खराब असतील तरच बसवा. इथेनॉलचा प्रश्न मात्र खरा आहे. वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये पेट्रोल पंपाचा जुना डायाफ्राम आणि रबरी नळ्या फुगतात, विरघळतात. त्या नव्या, इथेनॉल सोसणाऱ्या घ्या. अनेक महिने ट्रक उभा राहणार असेल तर टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करून ठेवा.

समजा, मोजमाप प्रतिकूल आलं. ब्लॉक फुटलाय, दुसरा मिळत नाही. मग बदलायचं, पण कशाने? माझी पहिली पसंती दुसऱ्या २१६ ला. दुसरी पसंती त्याच घराण्यातल्या २३५ ला. दिसायला जवळजवळ तसंच, मूळ गिअरबॉक्सला जुळतं आणि १९५४ पासूनच्या २३५ मध्ये रॉडलाही बदलता येणारे शेल आणि दाबाने तेल. पुढचा आधार आणि वॉटर पंपाची जागा यांत थोडं जुळवून घ्यावं लागतं, कारण पंखा रेडिएटरला लागू शकतो. पण विकत घेताना सावध राहा. १९५४ च्या आधीही मोठ्या शेवरोले ट्रकांत २३५ घनइंचाचं इंजिन यायचं आणि त्यात पळीचीच पद्धत होती. व्हॉल्व्हचं झाकण वरून मधल्या दोन नटांनी धरलेलं असेल तर बहुधा ते जुनं आहे. कडेला चार स्क्रू असतील तर नंतरचं. ही झाली वरवरची ओळख. ओतकामाचा नंबर आणि तारीख पाहिल्याशिवाय पैसे मोजू नका.

मॅटॅडोरचं किंवा एखाद्या जीपचं डिझेल हा तिसरा पर्याय, आणि मी तो शेवटी ठेवतो. इंजिन स्वस्त मिळतं हे खरं. पण त्यापाठोपाठ माउंटिंग, बेल हाउसिंग, क्लच, शाफ्ट, रेडिएटर, सायलेन्सर आणि सहा व्होल्टची वायरिंग बदलून बारा व्होल्टची, अशी रांग लागते. अर्ध्या टनी ३१०० मॉडेलमध्ये तर शाफ्ट बंद नळीतून थेट मागच्या अ‍ॅक्सलला जातो. गिअरबॉक्स बदलला की अ‍ॅक्सलही बदलावा लागतो. अर्धवट राहिलेले ट्रक मी पाहिले ते बहुतेक असेच, इंजिन बदलायला घेतलेले. बांधायला घेतलेलं इंजिन अर्धवट राहिलं तरी त्याचे भाग खोक्यात असतात आणि ट्रक शाबूत असतो. बदलायला घेतलेल्या ट्रकची चासी कापलेली असते. शेतावर रोज माल वाहायचाच असेल तर डिझेलचा हिशेब समजू शकतो. पण मग जुना ट्रक त्या कामाला का जुंपता, हेही स्वतःला विचारा.

इंजिन बदलण्याआधी कागद पाहा. इंजिन नंबर आरसीवर असतो. वेगळं इंजिन बसवायचं तर आरटीओची परवानगी, खरेदीचं बिल आणि तपासणी लागते. यापेक्षा मोठी गोष्ट विंटेज नोंदणीची. केंद्राने २०२१ साली केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनं, मूळ स्वरूपात असलेलं वाहन विंटेज म्हणून नोंदवता येतं. नंबरात ‘व्हीए’ अक्षरं येतात, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये आणि मुदत दहा वर्षं. व्यावसायिक वापर चालत नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, अशी अट आहे. म्हणजे आज घाईने टाकलेलं डिझेल उद्या ती नोंदणी हातची घालवू शकतं. नियमात दुचाकी आणि खासगी वापराची चारचाकी यांचा विचार आहे. मालवाहू म्हणून नोंदलेल्या, मागे दुहेरी चाकं असलेल्या ट्रकचं काय, हे तुमच्या आरटीओला लेखी विचारा आणि उत्तर येईपर्यंत इंजिन उतरवू नका.

तुमच्याकडे दुसऱ्या कंपनीचा ट्रक असेल तर गणित थोडं वेगळं. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समधून निघालेल्या डॉज आणि फार्गोंमधलं साइड व्हॉल्व्हचं पेट्रोल इंजिन बांधायला सोपं, कारण त्यात शेल बेअरिंग आणि दाबाचं तेल आहे. १९५४ पासून टेल्कोने बनवलेल्या टाटा-मर्सिडीजचं डिझेल बांधताना पंप आणि नोझलचं काम आधी करून घ्या. धूर आणि कमी ताकद यांचं मूळ बऱ्याचदा तिथेच निघतं. बदलायची वेळ आलीच तर टाटाचंच नंतरचं ६९२ पाहा. सहा सिलिंडर, ९२ मिलिमीटर बोअर. मूळ इंजिनाचा बोअर ९० होता, स्ट्रोक दोन्हींचा १२० च.

बांधायचं ठरलं तर क्रम पाळा. आधी मापं, मग सुटे भाग, मग लेथचं काम. पिस्टन हातात येईपर्यंत बोअर करू देऊ नका. तीस थाऊचे पिस्टन मिळतील या भरवशावर बोअर केला आणि मिळाले फक्त चाळीसचे, तर पुन्हा बोअर करावा लागतो. क्रँक आणि मेन बेअरिंगांचंही तेच. २१६ चे पिस्टन, रिंगा, गॅस्केट अमेरिकेत आजही बनतात, कारण तिथे हे ट्रक पुष्कळ आहेत. वाहतूक आणि कस्टम धरून हिशेब करा. त्याआधी कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर एक चक्कर मारा. तिथल्या जुन्या दुकानांत पिवळ्या पडलेल्या खोक्यांतून अजून माल निघतो. सुटे भाग, मशिनिंग आणि मजुरी असे तीन वेगळे अंदाज लेखी घ्या. बेरजेच्या वर एक तृतीयांश रक्कम बाजूला ठेवा. ती ठेवता येत नसेल तर इंजिन आत्ता उघडू नका. ट्रक शेडमध्ये, कोरडा ठेवा.

बांधलेलं इंजिन पहिले आठशे-हजार किलोमीटर ताशी ५० च्या आत चालवा, पण एकाच वेगाने नाही. चढउतार असलेला रस्ता बरा. पहिल्या काही फेऱ्यांनंतर हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने पुन्हा आवळा, व्हॉल्व्हचं अंतर गरम इंजिनावर तपासा आणि ऑइल लवकर बदला. काढलेल्या ऑइलमध्ये चुंबक फिरवून आणि ते पातळ फडक्यातून गाळून काय सापडतं ते पाहा.

आणि बदललंत, तर जुनं इंजिन भंगारवाल्याला देऊ नका. पाणी पूर्ण काढा, सिलिंडरमध्ये ऑइल घाला, सगळी तोंडं लाकडी बुचांनी बंद करा, लाकडी पाटावर उभं ठेवून वर ताडपत्री टाका. नंबराचा फोटो आणि मापांचा कागद ट्रकच्या फाइलमध्ये ठेवा. व्हाइट मेटल ओतणारा माणूस पाच वर्षांनी सापडू शकतो, ब्लॉकही सापडू शकतो. ट्रक विकायची वेळ आली, तर ते इंजिन ट्रकबरोबरच द्या आणि तसं विक्रीच्या कागदावर लिहून घ्या.